हँडल लॉक एका हिसक्यात गेलं. आता डिस्क लॉक घेऊ, साखळी घेऊ की अलार्म?

अर्धवट_चोक

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली कारण परवा गाडी जाता जाता राहिली.

सकाळी खाली उतरलो तर गाडी होती पण तिच्या जागेवर नव्हती. तीन-चार पावलं पुढे, साइड स्टँडवर, आणि हँडल उजवीकडे वळलेलं. मी कायम डावीकडे वळवून लॉक करतो. हात लावला तर हँडल मोकळं, इकडून तिकडे फिरतंय आणि फिरताना आत कसलातरी तुकडा खुळखुळतोय. वाकून बघितलं तर इग्निशनच्या वायरचं सॉकेट ओढून काढलेलं, हेडलाइटच्या मागे लोंबत होतं. का सोडून गेले देव जाणे, कुणी उठलं असेल, कुत्रं भुंकलं असेल. मी वर ढाराढूर झोपलेलो, मला काऽही कळलं नाही, आणि खरं सांगू तर त्याचाच जास्त राग आलाय.

गाडी 150 सीसी, वजन साधारण 145 किलो. पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन्ही अलॉय व्हील. रात्री बिल्डिंगखाली लावतो, तिथं सिमेंटचे खांब आहेत. दिवसा ऑफिसबाहेर रांगेत लागते, तिथं बांधायला काहीच नाही.

दोन दिवस ऑनलाइन बघतोय आणि डोक्याचा भुगा झालाय. डिस्क लॉक (ब्रेकच्या चकतीत अडकवायचं कुलूप), अलार्मवाला डिस्क लॉक, यू लॉक (यू आकाराच्या दांड्याचं), साखळी, रिमोटवाला अलार्म, जीपीएस, आणि प्रत्येकावर लिहिलंय सगळ्यात सुरक्षित. एकच काहीतरी घ्यायचं तर काय घ्यावं? आठ किलोची साखळी पाठीवर घेऊन फिरायची तयारी नाही हे आधीच सांगतो.

---

रात्रपाळी

वाचली हे नशीब समजा. सॉकेट काढलं म्हणजे वायर जोडून चालू करायचा बेत होता.

हँडल लॉकवर कुणी विसंबू नये. आत काय असतं तर बोटाएवढी एक पिन, ती खाचेत बसते, बास. आणि तिच्या विरुद्ध जोर लावायला चोराच्या हातात काय, तर हँडल, म्हणजे चांगली लांबलचक तरफ. हिसका देऊन नाही तुटलं तर लाथ घालतात. पिन जाते नाहीतर तिच्या भोवतीचं ओतीव घर फुटतं, तुमच्याकडे तो जो तुकडा खुळखुळतोय तो त्याचाच असणार. आणि ती गाडी तशी चालवू नका प्लीज, तुकडा अडकून वळणावर हँडल आखडलं तर चोर परवडला म्हणायची वेळ येईल.

आता कुलपाचं. कुठलं कुलूप हे नंतर, आधी गाडी कशाला बांधणार ते ठरवा. तुमची 145 किलोची गाडी दोन धडधाकट माणसं उचलून टेम्पोत टाकतात, मधे चाकातून एखादा दांडा घातला तर अजून सोपं. डिस्क लॉक असो, हँडल लॉक असो, गियरमधे असो, उचलणाऱ्याला काय फरक पडतो? चाक फिरत नाही एवढंच, पण त्याला चाक फिरवायचंच नाहीये.

म्हणजे परवा आला तसला भुरटा, जो ढकलत नेतो आणि कोपऱ्यावर वायर जोडतो, त्याला डिस्क लॉक पुरे. टेम्पोवाल्यांना नाही. त्यांच्यासाठी गाडी जमिनीला नाहीतर खांबाला बांधलेली पाहिजे. तुमच्याकडे खांब आहे म्हणताय, मग तुम्ही अर्धी लढाई जिंकलेलीच आहे, लोकांना तेवढंही मिळत नाही.

ऑफिसबाहेर डिस्क लॉक लावा आणि जमलं तर शेजारी ओळखीच्याची गाडी लावून दोन्ही एकमेकींना बांधा. दोन गाड्या एकत्र उचलणं म्हणजे मग वरात काढावी लागेल.

---

गंजका_बोल्ट

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. मी फॅब्रिकेशनवाला आहे, दिवसभर ग्राइंडर हातात असतो, त्यामुळे साखळीबद्दल मी बोलतो.

पहिलं म्हणजे कापडी पिशवीच्या आतली साखळी बघितल्याशिवाय घेऊ नको. एकाने मला आणून दाखवली होती, बाहेरून मनगटाएवढी जाड, रेक्झिनचं काळंभोर कव्हर, उचलली तर हलकी. कव्हर मागे सरकवलं तर आतली कडी करंगळीपेक्षा बारीक, 8 मिमीची असेल. सगळा रुबाब कव्हरचा. मी बोल्ट कटर लावला आणि खटकन एका दाबात दोन तुकडे, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

हाताच्या बोल्ट कटरला हरवायचं तर कडी जाड पाहिजे आणि पोलाद कडक केलेलं पाहिजे. 10 मिमीची साधी साखळी मोठा कटर खातो. 13 मिमीची कडक केलेली असेल तर घाम काढते. 16 च्या पुढे हाताच्या कटरचा जबडा बसतच नाही नीट. चौकोनी नाहीतर षटकोनी कडी असते ती उगाच नाही, गोल कडीपेक्षा तिच्यावर जबडा घसरतो. कडक आहे का नाही हे बघायची आमची साधी पद्धत, कानस घासायची. मऊ लोखंडावर कानस चावते, चकचकीत ओरखडा पडतो. कडक केलेल्यावर ती नुसती काचेवरून गेल्यासारखी घसरते. दुकानदार घासू देणार नाही ही गोष्ट वेगळी :)

आता ग्राइंडर. खोटं कशाला सांगू, बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे साधी कुठलीच साखळी कायमची टिकत नाही. पण जाड कडक कडी एका बाजूने कापली तरी वाकवून उघडत नाही, दोन्ही बाजूंनी कापावी लागते, म्हणजे काम दुप्पट, आणि त्या वेळात ठिणग्यांचा पाऊस आणि किंकाळीसारखा आवाज. यू लॉकमधे पण हेच बघायचं, ज्याचा दांडा दोन्ही टोकांना पक्का अडकतो त्याला दोन काप लागतात, एकाच टोकाला अडकणाऱ्याला एक काप मारून पिळून काढतात. हल्ली ग्राइंडरची चकतीच खाऊन टाकणारं कुलूप पण निघालंय, हिपलॉक आणि लाइटलॉक या ब्रिटिश कंपन्यांची आहेत तशी, वरच्या थराचं मटेरियल असं असतं की चकती भराभर झिजते. महाग आहेत पण झूठ नाहीयेत.

आणि वजन. 13 मिमीची दीड मीटर साखळी पाच किलोच्या आसपास भरते, 16 ची आठ किलो. तू म्हणतोस आठ किलो पाठीवर नको, अरे बाबा पाठीवर घ्यायला सांगतंय कोण? ती खांबालाच ठेव. रात्रीची साखळी रात्रीच्या जागी आणि सोबत फक्त डिस्क लॉक. लोक इथंच चुकतात, एकच कुलूप दोन्हीकडे चालेल असं शोधत बसतात आणि मग ना धड घरचं ना धड बाहेरचं असं काहीतरी मधलं घेऊन येतात.

बांधताना साखळी जमिनीवर लोळू देऊ नको. जमिनीवर पडलेली दिसली की कटरचा एक दांडा जमिनीला टेकवायचा आणि दुसऱ्यावर अख्खं अंग टाकायचं, हातात जोर नसला तरी चालतं. कुलूप जमिनीवर टेकलं असेल तर खालची फरशी ऐरणीसारखी वापरून हातोडा. म्हणून साखळी वर, ताठ, लोंबकळणारी कमीत कमी. पुढच्या चाकातून तर अजिबात घालू नको, अॅक्सल ढिला केला की चाक खांबाला आणि बाकीची गाडी गायब. फ्रेममधून जात असेल तर उत्तम, नाही जमलं तर मागचं चाक आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) मिळून जो त्रिकोण होतो त्याच्यातून.

---

अर्धवट_चोक

@गंजका_बोल्ट दादा एक नंबर माहिती. खांबालाच ठेवायची हे डोक्यातच आलं नव्हतं, लाज वाटली जरा.

पण मग अलार्मचं काय? माझा मुद्दा असा की मला कळलंच नाही. अलार्मवाला डिस्क लॉक घेतला तर एका दगडात दोन पक्षी नाही का? त्यावर 120 डेसिबल लिहिलंय, एवढ्याने मेलेला माणूस पण उठेल.

---

अनघा_किकस्टार्ट

मेलेला उठेल की नाही माहीत नाही, मी मात्र दोन महिने रोज उठत होते :D

अलार्मवाला डिस्क लॉक मी दीड वर्ष वापरलाय, त्यामुळे अनुभवाचे बोल. लावला की बीप करतो, मग पहिल्या धक्क्याला नुसती चेतावणी, पुन्हा हललं की सायरन. ऐकायला मस्त वाटतं. पण त्याला चोर कोण आणि मांजर कोण हे कुठं कळतंय? मांजर सीटवर चढली सायरन. शेजारच्याने त्याची गाडी काढताना आरसा घासला सायरन. मोठा ट्रक गेला, जोराचा वारा आला, सायरन. पहिल्या आठवड्यात सगळे खिडकीत यायचे, दुसऱ्या आठवड्यात शिव्या यायला लागल्या, आणि महिन्याभरात कुणी ढुंकून बघेना. लांडगा आला रे आला सारखं झालं अगदी. शेवटी शेवटी मी स्वतः कूस बदलून झोपायचे!

ते 120 डेसिबल पण जरा समजून घ्या. तो आकडा बहुतेक वेळा अगदी जवळून मोजलेला असतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे एका मीटरवर 110 असेल तर तीसेक मीटरवर 80 च्या आसपास, त्यात मधे भिंत, बंद खिडकी आणि डोक्यावर पंखा. तुम्ही कितव्या मजल्यावर झोपता?

अजून एक, पिशवीत ठेवताना पिन चुकून आत दाबली गेली की पिशवीतच कोकलायला लागतो. माझा एकदा मीटिंगमधे वाजला आणि किल्ली सापडेना, पुढचं काय सांगू. काही मॉडेलमधे पिन फिरवून आवाज बंद ठेवता येतो, तसलाच बघा. सेल बहुतेकांत घड्याळासारखे बटण सेल असतात, सहा-सहा लागतात, ते उतरले की नुसता साधा डिस्क लॉक उरतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. पावसात पाणी शिरलं की तीच गत.

तरी मी म्हणेन वाईट नाही, पण दिवसा, ऑफिसबाहेर, जिथं लोक जाता-येता बघतात तिथं. चार लोकांसमोर गाडी ओरडली की भुरटा बावचळतो.

आणि हो!! अलार्मवाला असो नाहीतर साधा, ती पिवळी-केशरी गुंडाळीची वायर मिळते ना, एक टोक लॉकला आणि दुसरं हँडलला, ती लावल्याशिवाय डिस्क लॉक वापरू नका. मी नाही लावायचे, मी काय विसरणारे का वगैरे. एके दिवशी घाईत स्टार्ट केली, पहिला टाकला, क्लच सोडला, गाडी फूटभर गेली आणि ठक्क. लॉक डिस्कबरोबर फिरून कॅलिपरवर (ब्रेकच्या चिमट्यावर) आदळलं, पुढचं चाक जागीच अडलं आणि मी सावकाश, अगदी सावकाश, सगळ्या रांगेसमोर आडवी. गुडघा फुटला त्याचं काही नाही, डिस्क वाकली, नंतर कितीतरी दिवस ब्रेक मारला की लिव्हर बोटाला धडधड लागायचा, शेवटी डिस्क बदलली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

---

बघू_नंतर

कशाला एवढा कुटाणा. ज्याला न्यायची तो नेणारच. विमा काढा आणि झोपा.

---

रात्रपाळी

@बघू_नंतर विमा पाहिजेच, पण तो पैसे देतो, गाडी देत नाही. आणि पैसेही किती, तर घसारा कापून. बऱ्याच ठिकाणी क्लेमच्या वेळी सगळ्या ओरिजिनल किल्ल्या मागतात, दुसरी किल्ली कुठं गेली म्हणून शोधत बसलेले लोक मी बघितलेत. पॉलिसीत काय लिहिलंय ते आधी वाचून ठेवलेलं बरं, काही ठिकाणी मान्यताप्राप्त कुलूप लावलेलं असण्याची पण अट असते.

त्यावरून आठवलं, पाकिटावर कंपनी स्वतःच छापते ना 10 पैकी 9 वगैरे, त्याला अर्थ नाही, आपणच परीक्षा घ्यायची आणि आपणच मार्क द्यायचे. बाहेरच्या संस्थेची खूण बघा. ब्रिटनची सोल्ड सिक्युअर आहे, 1992 पासून, ते ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि सगळ्यात वर डायमंड असा दर्जा देतात. पण नीट बघा, सायकलचा गोल्ड वेगळा आणि मोटरसायकलचा वेगळा, सायकलचा दर्जा दाखवून मोटरसायकलवाल्याला विकतात. नेदरलँड्सची एआरटी आहे ती तारे देते, एक ते पाच, मोटरसायकलला चार तारे धरून चला.

---

फ्यूज_उडाला

मी गाड्यांचं वायरिंग करतो, रिमोटवाल्या अलार्मबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

रिमोटवाला अलार्म गाडीच्या बॅटरीवर चालतो, म्हणजे गाडी बंद असताना पण तो थोडा थोडा करंट पीत बसतो. समजा 10 मिलीअँपिअर पितो, ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला 0.24 अँपिअर-तास झाले आणि तुमची बॅटरी असेल 8 ची, तीन आठवडे गाडी हलली नाही तर पाच गेले, मग तुम्ही गावाला जाऊन आलात की बटण दाबता आणि नुसतं टिक टिक, आणि लोक बॅटरीला शिव्या घालतात. त्यात जीपीएस पण जोडला असेल तर अजून लवकर. रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास नाही. गाडी उभी राहात असेल तर घेताना विचारा की झोपलेला असताना किती पितो, आणि तो आकडा दुकानदाराला माहीत नसेल तर दुसरीकडे बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्वस्तातले अलार्म इग्निशनची वायर मधे तोडून तिथं रिले (विजेवर चालणारा स्विच) घालतात, चोराने चालू केली तर इंजिन बंद करायला. कल्पना चांगली आहे पण आता तुमचं इंजिन चालू राहणं त्या चिंगूस रिलेवर आणि नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडावर अवलंबून. माझ्याकडे एक गाडी आली होती, चालवता चालवता मधेच बंद पडायची, धक्का बसला की बंद, दोन मिनिटांनी आपोआप चालू. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला, मीच बदलला, मग टाकीखाली हात घातला तर टेपचा एक चिकट गोळा, आत जोड हिरवा पडलेला, वायरचे दोनच केस धरून होते. भर ट्रॅफिकमधे ओव्हरटेक करताना ते सुटले असते तर? त्यामुळे बसवायचाच असेल तर जोड सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह, आणि शक्यतो इंजिन तोडण्याऐवजी फक्त स्टार्टर तोडणारा, म्हणजे चालत्या गाडीला काही होत नाही. किक असेल तर अर्थात त्याचा उपयोग नाही.

नवीन बऱ्याच गाड्यांत कंपनीचाच इमोबिलायझर येतो, किल्लीच्या डोक्यात चिप असते, तिला सेल लागत नाही, इग्निशनच्या भोवती एक कॉइल असते ती चिपला जागं करते आणि कोड जुळला तरच ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, इंजिन चालू होऊ देतो. हा प्रकार मात्र भारी आहे, वायर जोडून काही होत नाही. पण परत तेच, उचलून नेली की पार्ट सुटे करून विकायला कोडची गरज नाही.

जीपीएस म्हणजे कुलूप नव्हे, गाडी गेल्यावर कुठं गेली ते सांगणारं यंत्र, तेही आकाश दिसत असेल तर. पत्र्याच्या बंद टेम्पोत, तळघरात गेलं की नकाशावर शेवटचा ठिपका दिसत राहतो आणि तुम्ही त्या ठिपक्यापाशी जाऊन उभे. सिमचं रिचार्ज संपलेलं असणं हा तर नेहमीचा विनोद. आणि जुने 2जी वाले ट्रॅकर घेऊ नका, बऱ्याच देशांत ते नेटवर्कच बंद होत चाललंय.

काही जण अ‍ॅपलचा एअरटॅग लपवतात सीटखाली. 2021 ला आला तो, सेल वर्षभर जातो, रिचार्ज नाही, आजूबाजूच्या फोनवरून जागा कळते. पण तो बनवलाय किल्ल्या-पिशव्या शोधायला. कुणाचा पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना त्या माणसाच्या फोनवर जाते, म्हणजे इथं चोराच्याच फोनवर. 2023 पासून अँड्रॉइडवाल्यांना पण. तरी फुल ना फुलाची पाकळी म्हणून ठेवायला हरकत नाही.

एक मात्र सांगतो, चोरलेली गाडी लगेच नेत नाहीत बऱ्याचदा, दोन गल्ल्या सोडून कुठंतरी उभी करून ठेवतात एक-दोन दिवस, ट्रॅकर आहे का, कोण शोधत येतंय का बघायला. तेवढ्या वेळात ठिपका हलत नाही तोवर पोलिसांना घेऊन जा, एकटं जाऊन हिरोगिरी नको.

---

गंजका_बोल्ट

@फ्यूज_उडाला टेपच्या गोळ्यावरून हसू आलं, आमच्याकडे पण तसल्याच वेल्डिंग येतात, वरून पेंट मारून.

चोक भाऊ, किल्लीबद्दल सांगायचं राहिलं. गोल नळीसारखी किल्ली असलेलं स्वस्तातलं कुलूप घेऊ नको. 2004 साली सायकलवाल्यांत बोंब झाली होती, तसली कुलपं बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात म्हणून, आणि खरंच उघडत होती. नंतर सुधारली, पण बाजारात स्वस्तातला माल काय येतो कुणास ठाऊक. आत फिरत्या चकत्या असतात तसलं कुलूप बघ, 1907 साली फिनलंडमधे एमिल हेन्रिक्सनने काढलं ते तत्त्व, आब्लॉय कंपनीची कुलपं त्यावरच, आत स्प्रिंग नसल्याने धुळीपाण्यात पण अडकत नाही सहसा.

---

अर्धवट_चोक

अपडेट देतो मंडळी, एवढं सगळ्यांनी लिहिलंत म्हणून.

हँडल लॉकचा अख्खा सेट बदलला. फिटरने जुना काढून हातात ठेवला, पिन शाबूत आणि घराचा अर्धा कान तुटलेला, रात्रपाळी म्हणाले तसंच. डिस्क लॉक साधाच घेतला, बिनअलार्मचा, 14 मिमीच्या पिनवाला, केशरी वायर आल्या आल्या हँडलला लावली. ऑफिसात शेजारच्या डेस्कवाला पण त्याच मॉडेलची गाडी लावतो, त्याला पटवतोय बांधायला, तो म्हणतो संध्याकाळी तू उशिरा निघालास तर मी काय करू. मुद्दा बरोबर आहे.

रात्रीसाठी 16 ची साखळी मागवली. आणि इथं शेण खाल्लं. साखळी आली, मस्त आहे, उचलताना कंबर मोडते, कानस घासली तर खरंच घसरते. खाली नेली, मागच्या अलॉयच्या दोन आऱ्यांमधून घालायला गेलो तर जाईना. कव्हर काढलं, तरी ब्रेकच्या दांड्यापाशी अडकते. कशीबशी स्विंगआर्मच्या वरून घातली तर खांबाभोवती गेल्यावर टोकं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, वीतभर कमी. खांब केवढा जाड आहे हे मोजलंच नव्हतं मी.

---

अनघा_किकस्टार्ट

सुतळी! आधी सुतळी घेऊन गाडी बांधून बघायची, मग सुतळी सोडून मोजायची, मग साखळी मागवायची. मी पण हे साखळी परत पाठवल्यावरच शिकले, काळजी नको.

---

गंजका_बोल्ट

अरे सिमेंटचा खांब चहूबाजूंनी फूट-दीड फूट, त्याला वळसा घालण्यातच सगळी साखळी संपणार. दोन उपाय. एक, दोन मीटरची घे, पण एका टोकाला मोठी कडी असलेली. ती खांबाभोवती फिरवून स्वतःच्याच मोठ्या कडीतून ओढून घ्यायची, फासासारखी. मग दोन्ही टोकं गाडीपर्यंत आणायला लागत नाहीत, एकच टोक आणायचं, लांबी वाचते. मोठी कडी पण तेवढीच जाड आहे ना बघ, नाहीतर चोर तीच कापेल.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, जमिनीत अँकर, म्हणजे बोल्टने पक्की बसवलेली कडी. सोसायटीला विचारून. आहे तीच दीड मीटर पुरेल, उलट जास्त होईल. पण पेव्हर ब्लॉक असेल तर विसर, अँकरसकट अख्खा ब्लॉक उपटून निघतो, खाली काँक्रीट पाहिजे. बोल्ट बसवले की त्यांच्या अॅलन की च्या भोकात बेअरिंगचा छर्रा हातोड्याने ठोकून बसवायचा, मग अॅलन की लागतच नाही. एकदा ठोकला की तू पण काढू शकणार नाहीस, म्हणून जागा दोनदा बघून घे. गाडी लावून बघ, मागचं चाक कुठं येतं तिथं खडूने खूण कर, साखळी ताठ राहील एवढंच अंतर.

---

अर्धवट_चोक

काँक्रीटच आहे खाली. सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले ड्रिल दुपारी करा आणि दोन अँकर मारा, एक माझ्या गाडीसाठी. आज संध्याकाळी खडू घेऊन खाली जातोय.

---

फ्यूज_उडाला

साखळीच्या कुलपाचं भोक खालच्या बाजूला येईल असं लावा, आणि आत कोरडं ग्राफाइट नाहीतर टेफ्लॉनचा स्प्रे. तेल मारलंत तर धूळ धरून किल्ली पावसाळ्यात आतच मोडेल. किल्लीसोबत नंबराचं कार्ड आलं असेल, ज्यावरून दुसरी किल्ली बनते, ते गाडीच्या डिकीत ठेवू नका म्हणजे मिळवलं.

---

अर्धवट_चोक

डिकीतच होतं. आत्ता काढलं.